झाकण उघडले, तरी वायफाय जागे होईना

या महिन्यात संगणक सल्ल्यासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे जवळजवळ एकाच दुखण्याची आहेत, म्हणून ती एकत्र घेत आहे. छपाईच्या सोयीसाठी टर्मिनलमधील आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टंकाव्यात, आणि जेथे 'हायफन' असा शब्द आहे तेथे आडवी रेघ, 'अंडरस्कोर' तेथे खालची रेघ, 'डॉट' तेथे टिंब व 'अधिक' तेथे अधिकचे चिन्ह द्यावे.

प्रश्न : महोदय, शिवाजी उद्यमनगरातील एका लहान फाउंड्रीचे हिशेब मी सांभाळतो. लॅपटॉपवर लिनक्स मिंट २१ आहे. दुपारी एक वाजता झाकण मिटून मी घरी जेवायला जातो आणि अडीच वाजता परत येऊन ते उघडतो, तेव्हा बहुतेक वेळा वायफाय नाहीसे झालेले असते. लॅपटॉप रीस्टार्ट केला की सर्व ठीक होते, परंतु अर्धवट केलेली बिले, ई-वे बिलाचे पान, बँकेचे लॉगिन हे सगळे पुन्हा पहिल्यापासून उघडावे लागते. इंटरनेटवर वाचून 'ईटीसी' फोल्डरमधील 'पीएम' आणि त्यातील 'स्लीप डॉट डी' येथे एक फाइल तयार करून ठेवली, पण काहीच फरक पडला नाही. राजारामपुरीतील एका दुरुस्तीच्या दुकानात वायफाय कार्ड बदलण्याचा सल्ला मिळाला. कार्ड बदलावे का?
— एक वाचक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

उत्तर : कार्ड आत्ताच बदलू नका. रीस्टार्टनंतर तेच कार्ड दिवसभर बिनतक्रार चालते, यावरून बिघाड कार्डात नसून झोपेतून उठवण्याच्या क्रमात आहे असे मानण्यास पुरेसा आधार आहे. नवे कार्डही त्याच क्रमातून उठवले जाणार, त्यामुळे पैसे खर्च होऊन दुखणे तसेच राहण्याची शक्यता मोठी आहे.

झाकण मिटल्यावर काय होते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण पुढील सर्व उपाय त्यावर अवलंबून आहेत. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रथम चालू असलेले सर्व प्रोग्रॅम गोठवतो आणि मग प्रत्येक उपकरणाच्या ड्रायव्हरला, म्हणजे ते उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, आपापले उपकरण झोपवण्यास सांगतो. वायफाय कार्डाच्या आत स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो आणि त्याचा फर्मवेअर नावाचा प्रोग्रॅम लॅपटॉप सुरू होताना ड्रायव्हर डिस्कवरून वाचून कार्डात भरत असतो. झोपेत कार्डाचा वीजपुरवठा तुटला, तर हा फर्मवेअर पुसला जातो. जागे होताना कार्डाला वीज मिळणे, त्याने मदरबोर्डवरील पीसीआय एक्सप्रेस मार्गावर ओ देणे, ड्रायव्हरने फर्मवेअर पुन्हा भरणे, आणि त्यानंतर नेटवर्क मॅनेजरने नेहमीचे वायफाय शोधून जोडणी करणे, अशा चार गोष्टी काही सेकंदांत एकामागून एक घडाव्या लागतात. यांपैकी कोणतीही एक चुकली तरी आपल्याला एकच दृश्य दिसते, ते म्हणजे वायफाय नाही. उपाय मात्र प्रत्येक चुकीला वेगळा आहे. इंटरनेटवरचा एक उपाय एकाला लागू पडतो आणि दुसऱ्याला पडत नाही, त्याचे कारण हेच.

म्हणून माझी आपणास आग्रहाची विनंती अशी की, पुढच्या वेळी दुपारी वायफाय दिसले नाही तर रीस्टार्ट करण्यापूर्वी पाच मिनिटे द्या. बिघाड समोर असतानाच तो कुठल्या पायरीवर झाला हे विचारता येते, रीस्टार्टनंतर कार्ड निरोगीच दिसते. त्याआधी मोबाइलवर कारखान्याचे वायफाय येत आहे ना, तेवढे पाहून घ्या. पावसाळ्यात मध्येच वीज जाऊन आली असेल, तर राउटरच उठायला मिनिट-दोन मिनिटे घेतो आणि आपण दोष लॅपटॉपला देत बसतो.

मोबाइल जोडला जात असेल तर टर्मिनल उघडून पहिली आज्ञा 'आरएफकिल लिस्ट' ही द्या. वायरलेस लॅनसमोर 'सॉफ्ट ब्लॉक्ड' किंवा 'हार्ड ब्लॉक्ड' यांपैकी कशापुढेही 'येस' आले, तर कार्ड जागे आहे, फक्त त्याचा रेडिओ बंद ठेवला गेला आहे. सॉफ्ट ब्लॉक 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय' या आज्ञेने निघतो. हार्ड ब्लॉक आज्ञेने निघत नाही, तो कीबोर्डवरील विमानाच्या चित्राच्या बटणाशी किंवा लॅपटॉपच्या बायोसशी, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमशी, संबंधित असतो.

तेथे दोन्हीकडे 'नो' असेल तर 'एनएमसीएलआय जनरल' ही दुसरी आज्ञा द्या. तिच्या उत्तरात 'अस्लीप' हा शब्द आला, तर लॅपटॉप उठला तरी नेटवर्क मॅनेजरला ते कळलेलेच नाही असे समजावे. 'एनएमसीएलआय नेटवर्किंग ऑफ' आणि लगेच 'एनएमसीएलआय नेटवर्किंग ऑन' एवढ्याने अनेकदा काम भागते, आणि एकही बिल बंद करावे लागत नाही.

तिसरी आज्ञा सर्वांत महत्त्वाची आहे, 'एलएसपीसीआय हायफन एनएनके'. तिच्या लांब यादीत 'नेटवर्क कंट्रोलर' शब्दांची ओळ शोधा. त्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' असे लिहून पुढे ड्रायव्हरचे नाव दिलेले असते. इंटेलच्या कार्डांना 'आयडब्ल्यूएलवायफाय', मीडियाटेकच्या काही कार्डांना 'एमटी७९२१ई', रिअलटेकच्या बऱ्याच कार्डांना 'आरटीडब्ल्यू८८' किंवा 'आरटीडब्ल्यू८९' या कुटुंबांतील, 'आरटीडब्ल्यू' या अक्षरांनी सुरू होणारी नावे असतात. आपल्या पत्रात हे नाव नाही, आणि त्यावाचून पुढचा नेमका सल्ला देता येत नाही, म्हणून ते वहीत उतरवून ठेवा. 'नेटवर्क कंट्रोलर'च्या ओळीच्या शेवटी कंसात 'रेव्ह एफएफ' असे दिसले, तर मामला निराळा आहे.

याचा अनुभव मला माझ्याच एका जुन्या लॅपटॉपवर आला. काही दिवस मी नेटवर्क मॅनेजर पुन्हा पुन्हा सुरू करून पाहत होतो आणि तो प्रत्येक वेळी निमूटपणे सुरू होत होता, कारण त्याचा दोषच नव्हता. शेवटी एका रात्री 'जर्नलसीटीएल हायफन बी हायफन के' ही आज्ञा देऊन कर्नलची नोंदवही वाचली. झाकण उघडल्याच्या क्षणानंतरच्या ओळीत लिहिले होते की कार्डाची वीजस्थिती 'डी३कोल्ड' (वीज तुटलेली) वरून 'डी०' (पूर्ण चालू) वर आणता येत नाही, उपकरण हाती लागत नाही. त्याखालच्या ओळींत ड्रायव्हरने कार्डाला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर म्हणून एफ हे अक्षर सलग आठ वेळा छापलेले होते. पीसीआय मार्गावर समोरून कोणी ओ दिली नाही, तर वाचलेल्या आकड्यातील सर्व बिट १ येतात आणि त्याचे षोडशमान रूप म्हणजे ही आठ एफची रांग. ड्रायव्हर हाका मारत होता आणि कार्ड जागेवर असूनही मार्गावर नव्हते. 'रेव्ह एफएफ'चा अर्थही तोच.

आता उपायांकडे येतो. कार्ड मार्गावर आहे, 'एफएफ' दिसत नाही, पण नोंदवहीत फर्मवेअर न भरल्याच्या किंवा वेळ संपल्याच्या तक्रारी आहेत, अशी अवस्था असेल तर ड्रायव्हर काढून पुन्हा घालावा. 'सुडो मॉडप्रोब हायफन आर' आणि पुढे ड्रायव्हरचे नाव दिले की तो निघतो, 'सुडो मॉडप्रोब' आणि तेच नाव दिले की तो परत बसतो. इंटेलच्या बहुतेक कार्डांसाठी काढताना आधी 'आयडब्ल्यूएलएमव्हीएम' आणि मग 'आयडब्ल्यूएलवायफाय' अशी दोन्ही नावे द्यावी लागतात, कारण पहिला दुसऱ्यावर बसलेला असतो. बसवताना एकच पुरते.

याने वायफाय परत आले, तर हेच काम झोपेच्या आधी आणि नंतर आपोआप करून घेता येते. आपण इंटरनेटवर वाचून केलेली फाइल याच हेतूची होती, पण आपण ती चुकीच्या पत्त्यावर ठेवली. तो पत्ता पीएम-युटिल्स या जुन्या व्यवस्थेचा. उबंटूने २०१५ च्या एप्रिलमधील १५.०४ आवृत्तीपासून सिस्टमडी ही व्यवस्था स्वीकारली आणि मिंट उबंटूवरच उभे आहे, त्यामुळे आपली फाइल आजवर कोणी उघडूनही पाहिलेली नाही. आपली यात चूक नाही, अशी जुनी उत्तरे अजूनही शोधात वर येतात. नवा पत्ता 'यूएसआर', त्यात 'लिब', त्यात 'सिस्टमडी' आणि त्यात 'सिस्टम हायफन स्लीप' असा आहे. येथील फाइलला सिस्टमडी झोपेपूर्वी 'प्री' आणि उठल्यावर 'पोस्ट' असा शब्द हाती देते, फाइलने 'प्री' मिळताच ड्रायव्हर काढायचा आणि 'पोस्ट' मिळताच घालायचा. फाइल रूटच्या (संगणकाच्या मुख्य प्रशासकाच्या) नावे असावी आणि तिला 'सीएचमॉड अधिक एक्स' करून चालवण्याची परवानगी दिलेली असावी, नाहीतर ती निमूट पडून राहते. सिस्टमडीच्या माहितीपुस्तिकेतच अशा फाइली म्हणजे स्थानिक वापरापुरती डागडुजी समजाव्यात असे म्हटले आहे, आणि माझे मतही तेच आहे. डागडुजी करावी, पण खरे कारण शोधणे थांबवू नये.

खरे कारण अनेकदा कर्नल जुना असणे हे असते. मिंट २१ मूळ ५.१५ कर्नल घेऊन आले, आणि 'आरटीडब्ल्यू८९' हा ड्रायव्हर कर्नलमध्ये दाखल झाला ५.१६ मध्ये. आपले कार्ड त्या कुटुंबातील असून कर्नल अजून ५.१५ च असेल, तर कोणीतरी बाहेरून ड्रायव्हर आणून बसवला असण्याची शक्यता आहे, आणि बाहेरचे ड्रायव्हर झोपेच्या बाबतीत अनेकदा कच्चे असतात. अपडेट मॅनेजरमध्ये 'व्ह्यू' या मेनूत 'लिनक्स कर्नल्स' आहे, तेथून ६ ने सुरू होणारा कर्नल घ्या आणि बाहेरचा ड्रायव्हर असल्यास तो काढून टाका, कारण दोन्ही एकाच कार्डावर हक्क सांगू लागले की नवीच भानगड उभी राहते. जुना कर्नल लगेच पुसू नका. नवा पटला नाही, तर सुरू होतानाच्या मेनूतून जुन्यावर परत जाता येते.

'रेव्ह एफएफ' असेल तर मात्र ड्रायव्हर काढून-घालून काही होत नाही, तेथे विजेचा प्रश्न आहे. 'कॅट' ही आज्ञा देऊन 'सिस' फोल्डरमधील 'पॉवर' आणि त्यातील 'मेम अंडरस्कोर स्लीप' ही फाइल वाचा. तीत 'एस२आयडल' आणि 'डीप' असे दोन शब्द दिसतील आणि सध्या लागू असलेला शब्द चौकटी कंसात असेल. डीप झोपेत मुख्य स्मृती सोडून बहुतेक सर्वांची वीज तोडली जाते, एस२आयडलमध्ये उपकरणे आपापल्या परीने मंद होतात. लॅपटॉप एका झोपेत अडखळत असेल तर दुसरी झोप देऊन पाहणे हा साधा आणि उलटवता येणारा प्रयोग आहे. फाइलमध्ये दोन्ही शब्द असतील तरच तो शक्य आहे, अनेक नव्या लॅपटॉपना फक्त एस२आयडल येते. बायोसची नवी आवृत्ती आली असेल तर तीही घ्यावी. याशिवाय पीसीआय मार्ग स्वतःच वीज वाचवण्यासाठी मिटतो, त्या एएसपीएम नावाच्या सोयीमुळे काही कार्डे उठत नाहीत. एमटी७९२१ई आणि रिअलटेकच्या या दोन्ही कुटुंबांच्या ड्रायव्हरना ती बंद ठेवण्याचा पर्याय दिलेला आहे, 'मॉडइन्फो' आणि पुढे ड्रायव्हरचे नाव (रिअलटेकसाठी 'आरटीडब्ल्यू८८ अंडरस्कोर पीसीआय' किंवा 'आरटीडब्ल्यू८९ अंडरस्कोर पीसीआय') दिले की त्याचे नेमके शब्द वाचता येतात. ती बंद केल्यास बॅटरी थोडी लवकर उतरते, कारखान्यात चार्जर लावूनच काम होत असेल तर त्याची फिकीर करण्याचे कारण नाही.

एक गोष्ट चाचणीबद्दल सांगायलाच हवी. उपाय लागू पडला का हे पाहण्यासाठी दुसऱ्या दिवशीच्या जेवणाच्या सुट्टीची वाट पाहू नका. 'सुडो आरटीसीवेक हायफन एम नो हायफन एस ६०' अशी आज्ञा दिली की साठ सेकंदांचा गजर लागतो, त्यापाठोपाठ 'सिस्टमसीटीएल सस्पेंड' दिले की लॅपटॉप झोपतो आणि गजराला उठतो. आरटीसीवेकला 'नो'च्या जागी 'मेम' देऊन थेट झोपवू नका. त्या वाटेने सिस्टमडीला न विचारता झोप लागते, आपली प्री-पोस्टची फाइल चालतच नाही आणि चांगला उपायही निरुपयोगी वाटतो. असे दहा वेळा करा, आणि एकदा खरोखर दीड तास झोपवूनही पाहा, कारण आपले दुखणे 'बहुतेक वेळा' होणारे आहे आणि दोन यशस्वी चाचण्यांवर विसंबता येणार नाही.

इतके करूनही कार्ड मार्गावर येतच नसेल, तर दुरुस्तीच्या दुकानाचा सल्ला तेव्हा विचारात घ्यावा. तोवर यूएसबीचे छोटे वायफाय जवळ ठेवले, तर दुपारचे काम अडणार नाही.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. उबंटू २४.०४ असलेला लॅपटॉप झोपेतून उठवल्यावर वायफाय जोडलेले दिसते, परंतु काही मिनिटे एकही पान उघडत नाही. बॅटरीवर असताना हे जास्त होते. काय करावे?
— एक वाचिका, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : ताई, आपले कार्ड जागे झाले आहे, जोडणीही झाली आहे, त्यामुळे वरच्या उत्तरातील ड्रायव्हर काढण्याच्या वाटेला आपण जाऊ नये. बॅटरीवर जास्त होते, ही आपण टिपलेली गोष्ट फार उपयोगी आहे. वायफाय कार्ड वीज वाचवण्यासाठी राउटरच्या दोन संदेशांच्या मध्ये डुलकी घेते, आणि काही राउटर व काही कार्डे यांचे या डुलकीबाबत जमत नाही. उबंटू ही बचत मुळातच चालू ठेवते. 'ईटीसी' फोल्डरमधील 'नेटवर्कमॅनेजर' (यातील एन आणि एम मोठ्या लिपीत), त्यातील 'कॉन्फ डॉट डी' येथे 'डिफॉल्ट वायफाय पॉवरसेव्ह ऑन' अशा नावाची फाइल आहे. तीत 'वायफाय डॉट पॉवरसेव्ह'पुढे ३ हा आकडा असतो, त्या जागी २ लिहा आणि लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करा. ३ म्हणजे बचत चालू, २ म्हणजे बंद. बॅटरी वाचवण्यासाठी टीएलपी हा प्रोग्रॅम कोणी बसवून दिला असेल, तर तो बॅटरीवर जाताच ही बचत स्वतंत्रपणे चालू करतो, त्याच्या सेटिंगमध्येही ती बंद करावी लागेल.

त्यानेही भागले नाही तर पान उघडत नसतानाच 'पिंग' ही आज्ञा देऊन आधी राउटरचा पत्ता आणि मग १.१.१.१ हा इंटरनेटवरील सार्वजनिक पत्ता विचारा. राउटरचा पत्ता 'आयपी रूट'च्या उत्तरात 'डिफॉल्ट व्हाया' शब्दांपुढे असतो. दोन्हींकडून उत्तर आले, पण संकेतस्थळाचे नाव टाकल्यावर येत नसेल, तर जोडणी ठीक असून नावाचा पत्ता शोधण्याची सोय अडकली आहे. तेव्हा 'रिझॉल्व्हसीटीएल फ्लश हायफन कॅशेस' देऊन पाहा. राउटरच उत्तर देत नसेल, तर वायफाय एकदा बंद करून चालू केल्यावर पान लगेच उघडते का, ते पाहून मला पुन्हा कळवा.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. लिनक्समध्ये झोपेतून उठल्यावर वायफाय ठीक असते, पण विंडोज बंद करून लिनक्स सुरू केले की वायफाय कार्डच दिसत नाही. हा लिनक्सचा दोष आहे का?
— एक विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर

उत्तर : तुझेही दुखणे झोपेचेच आहे, फक्त झोपणारी व्यवस्था वेगळी आहे. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. तिच्यामुळे 'शट डाउन' केल्यावर विंडोज पूर्ण बंद न होता आपल्या कर्नलची स्थिती डिस्कवर लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तेथूनच उठते. वायफाय कार्डही त्या तयारीत अर्धवट अवस्थेत सोडले जाऊ शकते आणि लिनक्सचा ड्रायव्हर आला तरी ओळख देत नाही. खात्री करणे सोपे आहे. विंडोजमधून 'शट डाउन' न करता 'रीस्टार्ट' निवड आणि सुरू होतानाच्या मेनूतून लिनक्समध्ये ये. रीस्टार्टला फास्ट स्टार्टअप लागू होत नाही. अशा वेळी कार्ड दिसले, तर निदान पक्के समज.

मग विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स' उघडून पॉवर बटणांच्या सेटिंगमध्ये फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाक. विंडोज सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतील, तेवढे सोसावे. ही खूण काढण्याचा आणखी एक फायदा तुला लगेच जाणवेल. विंडोज अर्धवट झोपलेले असताना त्याची ड्राइव्ह लिनक्समध्ये केवळ वाचण्यापुरतीच उघडते आणि तिच्यावर लिहिण्याचा हट्ट केल्यास फाइली खराब होऊ शकतात. प्रोजेक्टच्या फाइली त्या ड्राइव्हवर असतील, तर खूण काढून एकदा पूर्ण शट डाउन होईपर्यंत लिनक्समधून तेथे काहीही जतन करू नकोस.